देवीच्या डोहावर माझा बोर्ड

काय सांगायचं आता! मासे मारायला लोक गळ टाकतात, जाळं लावतात, कुणी तर सुरुंगसुद्धा उडवतात. मी बोर्ड लावला. हसू नका! अख्खा डोह रिकामा झाला त्या बोर्डाने.

मी एका पर्यावरण संस्थेत गोड्या पाण्याच्या विभागाची प्रमुख. ऑफिस भूगावात, चौथ्या मजल्यावर, आणि तिथे पाणी टँकरचं. यावरचे सगळे विनोद करून झालेत, तुम्ही नवा करू नका.

तर रिह्याच्या खोऱ्यात एका ओढ्यावर देवीचा डोह आहे. त्यात महाशीर मासे, गावात त्यांना खडस म्हणतात. चांगले हातभर लांब! पण गावातलं कुणी त्यांना हात लावत नाही, देवीचे मासे ना! भात कापला की पहिली मूठ त्यांना. ती टाकायचा मान शेवंताबाईंचा. बाईंनी मूठ सोडली की पाणी नुसतं उकळल्यासारखं व्हायचं.

पहिल्यांदा ते बघितलं तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खरंच सांगते. त्याच पाण्यात माझी अक्कल वाहून गेली. म्हटलं, हे जपायला हवं. अहो, जपलेलंच होतं की!

"मॅडम, बोर्ड कशापायी?" शेवंताबाई म्हणाल्या. "हितं कुनी मासं धरत न्हाई."

"म्हणूनच तर मावशी! लोकांना कळायला नको?"

"कंच्या लोकांना?"

मी जनजागृती हा शब्द वापरला. जनजागृती म्हटलं की भलीभली माणसं गप्प होतात.

बोर्ड लागला. 'दुर्मिळ महाशीर माशांचे आश्रयस्थान. मासेमारीस सक्त मनाई.' वर माशाचा झकास रंगीत फोटो. आमचे साहेब बघायला आले आणि म्हणाले, "ओढ्यात लावलास? तिथे काय खेकडे वाचणार? रस्त्यावर लाव!" रस्त्यावर लावला, बाणासकट. मग साहेब म्हणाले, त्यावर क्यूआर कोड छापू, मोबाइलवर नकाशा उघडेल. तोही छापला.

पुढच्याच रविवारी गाड्यांची रांग! फार्महाउसवाले, महाळुंग्याच्या नव्या टॉवरांतले, सगळे. एक गृहस्थ हाफ पँट घालून, गळ टाकून, खुर्चीत आरामात बसलेले.

मी ओरडले, "अहो, मनाई आहे इथे! बोर्ड नाही वाचला?"

"वाचला ना! वाचूनच तर आलो. नाहीतर आम्हाला काय माहीत इथे महाशीर आहेत ते?" वर मलाच विचारतो, "फोटोतल्याएवढा असतो खरंच, का ते आपलं बोर्डापुरतं?"

मग मी काय केलं असेल? बोर्ड काढला? छे! विद्वान ना मी! आणखी मोठा बोर्ड लावला आणि 'सक्त'च्या जागी 'अत्यंत सक्त' लिहिलं. त्याच्यासमोर उभं राहून पोरापोरींनी रील काढले. 'पुण्याजवळचं सीक्रेट ठिकाण' म्हणे! सीक्रेट! बाण दाखवून!

शेवटी सगळे बोर्ड मी स्वतः उपटले. पण तोवर जागा जगाच्या नकाशावर गेली होती, ती कशी उपटणार?

त्या वर्षी भात कापल्यावर शेवंताबाईंनी मूठ सोडली. पाणी हललंच नाही. दाणे संथपणे तळाला गेले. मी शेजारीच उभी होते. वाटलं, चार शिव्या देतील, निदान देवीचा शाप तरी देतील. त्यांनी फक्त पाण्यात हात धुतले आणि घरी गेल्या. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. ते अजून सलतं मला.

आणि ऑफिसात? पेढे! देणगीदार खूश, साहेब खूश. "केवढी जागृती केलीस गं! शेजारच्या खोऱ्यात असाच एक डोह आहे म्हणतात. जा, बघून ये."

मी गेले. म्हटलं, बोर्ड नाही, फोटो नाही, लांबून नुसतं बघायचं. तर काठावर एक आजोबा कोयत्याला धार लावत बसलेले.

"कोन पायजे?"

"कुणी नाही आजोबा, सहज आले. हा डोह..."

"डोहात काय न्हाई!" ते ताडकन उठून माझ्या पुढ्यात उभे राहिले. कोयता हातातच. "मासं तर अजिबात न्हाईत!"

त्यांच्या पाठीमागे पाण्यात धपकन आवाज झाला. तो आम्ही दोघांनीही ऐकला नाही.

"तिकडं रिह्याला बोर्ड लावनाऱ्या बाई तुमीच का?"

मनात आलं, हो म्हणावं, पाया पडावं. तोंडातून निघालं, "छे हो! मी विम्याची एजंट."

"व्हय? मंग आसं म्हना की!" कोयता खाली गेला, आजोबांचा चेहरा उजळला. "बसा, बसा. च्या घेता का?"

विम्याच्या एजंटला बघून माणसाचा जीव भांड्यात पडला, असं तुम्ही कधी ऐकलंय? मी डोळ्यांनी पाहिलंय.