शरयूने बांधलेला ट्रेलर

शरयू मला कधीच आवडली नाही आणि मी तिला. अमेरिकेत अ‍ॅशबर्नला आमची टाउनहाउसं एकमेकांना चिकटून होती, मधे एकच भिंत. तिचा नवरा संजय आणि माझा ईशान एकाच कंपनीत. मीही नोकरी करत होते. शरयू मात्र नवऱ्याच्या व्हिसावर आलेली, तिला इथे काम करायची परवानगीच नव्हती. ते राहायला आले तेव्हा मी तिला सुचवलं होतं, एवढा वेळ आहे तर एखादा कोर्स कर. ती म्हणाली, "वेळ माझा आहे, मी बघते." तेव्हापासून आमचं बोलणं कचऱ्याचा डबा आणि पार्किंग एवढ्यापुरतं उरलं.

ट्रेलर आला दोन हजार चारच्या मार्चमध्ये. लीसबर्गच्या बाजूला एका म्हाताऱ्याने अंगण रिकामं करायला काढलं होतं आणि जो ओढून नेईल त्याला तो फुकट होता. शरयूने आधी आपल्या मिनीव्हॅनला मागे ट्रेलर जोडायचा हुक बसवून घेतला, मग जाऊन घेऊन आली. एकोणीसशे एकोणऐंशीचा, तंबूचा ट्रेलर. मिटलेला असताना कमरेएवढी पेटी. हँडल फिरवलं की छप्पर वर चढतं, दोन्ही टोकांनी पलंग बाहेर सरकतात आणि मधे कापडाच्या भिंती उभ्या राहतात. याच्या भिंतींचा भुगा झाला होता. लाकडी तळ पाणी पिऊन इतका मऊ झाला होता की पाय आत जायचा. गादीत उंदरांनी घर केलेलं. वास माझ्या किचनपर्यंत आला.

संजयला तो बघून शरम वाटली, आणि त्याने ती लपवली नाही. ड्राइव्ह-वेवर उभं राहून, आम्हाला ऐकू जाईल अशा आवाजात, तो म्हणाला की मी अमेरिकेत भंगार गोळा करायला आलेलो नाही. शरयूने ट्रेलर गॅरेजमध्ये ढकलला आणि संजयची नवी गाडी बाहेर राहायला लागली.

तिच्या माहेरी, नागपूरला इतवारीत, ताडपत्र्या आणि मांडवाचं कापड शिवायचा धंदा होता. लग्नापर्यंत तिने वडिलांच्या कारखान्यात काम केलं होतं. हे मला पुष्कळ उशिरा कळलं. तेव्हा मला फक्त दिसायचं की एक बाई रोज सकाळी मुलीला शाळेच्या बसमध्ये बसवते आणि जुनी सलवार चढवून हातोडा घेते. तिने तळ उपटून काढला, नवं प्लायवूड कापलं, खालून दोन हात डांबर मारलं. छप्पर उचलणारे तारेचे दोर गंजून तुटायला आले होते, ते बदलले. चाकांची बेअरिंग काढून, धुऊन, ग्रीस भरून बसवली. जुन्या कापडाची शिवण उसवून एकेक तुकडा जमिनीवर पसरला आणि त्यावरून नवं कॅनव्हास बेतलं. घरातल्या मशीनच्या सुया मोडायला लागल्या तेव्हा कुठल्याशा बंद पडलेल्या दुकानातून जाड कापडाचं जुनं मशीन आणलं. ते चालू झालं की माझ्या भिंतीवरचे फोटो हलायचे.

मी आठवड्यातले दोन दिवस घरून काम करायची. कॉलवर असताना पलीकडून धडधड. एकदा जाऊन सांगितलं, तर तिने तोंडातली टाचणी न काढताच घड्याळाकडे बोट केलं. सकाळचे अकरा वाजले होते, आवाजाला मनाई फक्त रात्रीची होती. मी घरी आले आणि आमच्या वसाहतीच्या असोसिएशनला पत्र लिहिलं. उघड्या गॅरेजमध्ये दुरुस्तीचं काम, आवाज, परिसराची शोभा, नियमाचं कलम, सगळं व्यवस्थित. फोटोही जोडले. खाली माझी सही. अशी तीन पत्रं मी लिहिली आणि प्रत्येक वेळी त्यांच्या दारावर नोटीस लागली. प्रत्येक नोटीसनंतर भिंतीपलीकडून संजयचा आवाज यायचा. तो ऐकून मला बरं वाटायचं, हे मी आज लपवत नाही.

पुढच्या वर्षीच्या जूनपर्यंत ट्रेलर पुरा झाला. तिने तो नुसता पूर्ववत केला नव्हता. आतला छोटा ओटा काढून टाकला होता, पेटीच्या कुशीला दार कापलं होतं आणि शेगडी बाहेर ओढता येईल असा कप्पा बसवला होता, म्हणजे फोडणीचा धूर बाहेरच्या बाहेर. एका पलंगाखाली पाण्याची टाकी. खिडक्यांना दुहेरी पडदे. तिची दहा वर्षांची स्वानंदी ड्राइव्ह-वेवर सगळ्यांना दाखवत होती, "My mom built this." मी खिडकी लावून घेतली.

त्याच आठवड्यात, शरयू स्वानंदीला दाताच्या डॉक्टरकडे घेऊन गेली असताना, संजय ऑफिसमधून लवकर आला. मागोमाग एक ट्रक आला. दोन माणसांनी ट्रेलर बाहेर ओढला, ट्रकला जोडला आणि नेला. दहा मिनिटांचं काम. मी खिडकीत उभी होते. ट्रकच्या दारावरचं नाव मला स्पष्ट वाचता आलं.

शरयू परतली तेव्हा संजय पुन्हा ऑफिसला गेला होता. ट्रेलर भंगारात दिला, एवढंच त्याने तिला फोनवर सांगितलं. तिने माझी बेल वाजवली. आमच्या दोन वर्षांच्या शेजारात पहिल्यांदाच.

"ट्रक कुणाचा होता?" तिने विचारलं.

"मी पाहिलं नाही," मी म्हटलं.

तिने माझ्या खिडकीकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि गेली. त्या दुपारी तिने फोनबुकातल्या भंगारवाल्यांना एकामागून एक फोन लावले. अकरावा, मनॅसस गावचा, तोच निघाला. ट्रेलर अजून तोडला नव्हता. ती तिथे गेली तर भंगारवाला सोडेना, तेव्हा तिने ट्रेलरचे कागद त्याच्यासमोर ठेवले. ते तिच्या एकटीच्या नावावर होते. तिथून ती घरी आलीच नाही. स्वानंदीला घेऊन सरळ शेनॅन्डोआच्या डोंगरात गेली आणि तिथल्या कॅम्पग्राउंडवर ट्रेलरचा तंबू उभा केला.

पुढच्या शनिवारी संजय पत्ता काढत तिथे पोचला. काय झालं ते त्यानेच चिडून ईशानला सांगितलं. आजूबाजूच्या लोकांसमोर तो ओरडत होता आणि ती शेगडीवर पोळी भाजत होती. तव्यावरची पोळी काढून झाल्यावर ती म्हणाली, "ट्रेलर त्या घरी येणार नाही. मी येईन, कारण माझा व्हिसा तुझ्यावर आहे. त्यापलीकडे काही समजू नकोस."

एकोणीस दिवसांनी ती आली. ट्रेलर एका शेतकऱ्याच्या कोठारात ठेवला होता. त्यानंतर तीन वर्षं ती दोघं एका घरात न बोलता राहिली. निरोप स्वानंदी इंग्रजीत पोचवायची. दर उन्हाळ्यात मायलेकी ट्रेलर घेऊन जायच्या, संजय कधीच नाही. दोन हजार सातच्या उन्हाळ्यात सरकारने ग्रीन कार्डचे तुंबलेले अर्ज एकदम घ्यायला सुरुवात केली, त्यात त्यांचाही गेला आणि शरयूला काम करायची परवानगी मिळाली. बोटींची कव्हरं शिवणाऱ्या एका वर्कशॉपमध्ये ती लागली. दोन हजार आठच्या सप्टेंबरात कार्डं हातात आली, तिचं इथलं राहणं आता संजयच्या व्हिसावर अवलंबून उरलं नाही. ऑक्टोबरात तिने स्टर्लिंगला अपार्टमेंट घेतलं आणि घटस्फोटासाठी वकील गाठला.

ती सामान हलवत होती त्या दिवशी मी बाहेर गेले. पत्रं मी लिहिली होती, ट्रकवरचं नावही वाचलं होतं, असं सांगितलं. चुकलं माझं, असंही म्हटलं. तिने हातातलं खोकं व्हॅनमध्ये ठेवलं.

"पत्रांवर तुझी सही होती, राधिका. मला वाचता येतं," ती म्हणाली. "आता हे सांगून तुला बरं वाटणार. मला त्याचं काय?"

मी दुसरं खोकं उचलायला वाकले. तिने ते माझ्या हातातून काढून घेतलं आणि स्वानंदीला हाक मारली.