रुखवतातली पाखरं

नव्वदच्या दशकाच्या शेवटी माझं लग्न झालं. रुखवतात लाडू-शेवयांच्या ताटांशेजारी भावानं जिवंत पाखरांचा पिंजरा मांडला. नागपूरहून आणलेली आफ्रिकन लव्हबर्डची जोडी, हिरवं अंग आणि गुलाबी तोंड. वऱ्हाडातल्या बायांनी लाडवांकडे पाहिलंसुद्धा नाही. हिंगणघाटला सासरी तो पिंजरा पडवीत टांगला गेला.

मादी जहाल होती. कॅलेंडरचा कागद चोचीनं सरळ पट्ट्यांत कापायची, पट्ट्या पाठीच्या पिसांत खोचायची आणि पिंजऱ्यातल्या मडक्यात नेऊन घरटं लावायची. नर आत डोकावला की त्याचा पाय चोचीत पकडायची. एकदा त्याचं बोटच तोडलं. फरशीवरचं रक्त मी पुसलं.

माझीही गत त्या नराहून फार वेगळी नव्हती. नवऱ्याचं कापडाचं दुकान. गिऱ्हाइकापुढे जिभेवर साखर, घरी मात्र भाजीत मीठ कमी पडलं की माझ्या थोबाडीत. सासू बघायची आणि तांदूळ निवडत राहायची. मला दोघांचाही सारखाच संताप यायचा.

एका सकाळी नर पिंजऱ्याच्या तळाशी मरून पडलेला दिसला, डोकं फोडलेलं. मादी वर बसून चोच पुसत होती. सासूच्या हातातलं सूप गळून पडलं.

"काऊन वं, तुया भावानं हे काय आणलं? नवऱ्याले खाल्लं हिनं!"

मादीची मान मुरगाळायला नवऱ्यानं पिंजऱ्यात हात घातला. तिनं त्याचं बोट असं धरलं की तो बोंबललाच. हात झटकत त्यानं तिला गजांवर आपटलं, पुन्हा आपटलं, मरेपर्यंत आपटलं.

"नर तिच्या घरट्यात शिरत होता, तिचं काय चुकलं?" मी ओरडले.

तो रक्ताळलेला हात उगारून माझ्याकडे वळला. मी डोळे मिटले. पण मार बसला नाही. सासूनं मध्ये पडून त्याचं मनगट दोन्ही हातांनी धरलं होतं.

"नोको रे बाबू, हात नोको लावू हिले. ते पाखरू हिच्याच माहेरचं होतं. ही बी तुले झोपेत मारून टाकीन!"

त्याचा हात खाली आला, तो माझ्यावर पुन्हा कधी उठला नाही. सासूला माझी दया आली नव्हती, ती मला भ्यायली होती. नवरा तर दाराजवळ अंथरूण घालू लागला. मी जन्मात कोंबडीसुद्धा कापली नव्हती, पण त्यांचा गैरसमज मी काढला नाही. उलट नवरा जेवायला बसला की मी समोरच विळी घ्यायचे आणि कांदा सावकाश चिरायचे.