करेरीच्या नावाची मालकीण

आमच्या सुंबा बेटावर गुरांना सुई टोचणाऱ्या माणसाला मंत्री म्हणतात. आमच्या मंत्र्याला ना गाडी, ना शिपाई, ना कुणाचा सलाम. नाव त्याचं मेल्की. एक खडखडती मोटारसायकल, मागे बर्फ घातलेली औषधांची पेटी आणि पिशवीत घोड्याचा खालचा जबडा, एवढाच त्याचा सरंजाम.

दरवर्षी शाळा उघडली की तो माझ्या वर्गात यायचा. जबडा टेबलावर ठेवून, दात बघून घोड्याचं वय कसं सांगायचं ते शिकवायचा आणि मग विचारायचा, "गुरांचा डॉक्टर कोण होणार?" सगळे हात वर. मला राग यायचा. वर्गातली निम्मी पोरं थोरल्या घरांच्या दासांची. कायद्यात दास नाहीत, पण आमच्या टेकडीवर कायदा चढून येईपर्यंत त्याला धाप लागते.

"मंत्री, उगाच आशा लावू नका पोरांना," मी म्हणायचे. "तुम्ही जाता निघून, रडं मला निस्तरावं लागतं."

"बाई, तीस वर्षं बाहेरून आलेल्या डॉक्टरांच्या पेट्या वाहिल्या मी. आपली बोली कळायच्या आत बदली करून घेतात. आपल्यातला एक तरी नको का?"

मेल्की स्वतः दासाच्या घरचा. अकरा पोरं त्यानं जिवापाड तयार केली आणि अकराही गळाली. कुणी मलेशियाला मळ्यात गेलं, कुणाचं लग्न झालं. बारावी करेरी.

ही थोरल्या घरच्या दासीची पोर. बारा वर्षांची असताना घोडी अडली होती. मेल्कीचा जाडजूड हात आत जाईना, तर हिनं विचारल्याशिवाय बाही वर केली आणि कोपरापर्यंत हात घातला.

"मामा, पुढचा पाय दुमडलाय."

"खूर तळहातात झाकून घे, नाहीतर पिशवी फाटेल. आता हळू सरळ कर."

शिंगरू जिवंत निघालं. मेल्की त्या दिवशी माझ्या ओट्यावर येऊन बसला आणि पोटभर रडला. त्यानंतर सात वर्षं ती त्याच्या मोटारसायकलवर मागे बसून फिरली, आणि गेल्या वर्षी दुसऱ्या बेटावर, कुपांगला, गुरांच्या डॉक्टरकीला तिला जागा मिळाली. सोमवारी स्वतः हजर राहायचं, नाहीतर जागा दुसऱ्याला. त्यासाठी शनिवारचं जहाज धरायला हवं होतं.

आता आमची रीत अशी, की थोरामोठ्यांचं नाव तोंडानं घ्यायचं नाही, त्यांच्या दासाच्या नाहीतर दासीच्या नावानं त्यांना ओळखायचं. थोरल्या घरची म्हातारी मालकीण सगळ्या खोऱ्याला 'करेरीची मालकीण' म्हणूनच ठाऊक. आणि जिचं नाव वापरलं, तिनं मालकीण मेली की पुरेपर्यंत प्रेताशी बसायचं. घराची पायरी उतरायची नाही.

म्हातारी मनानं वाईट नव्हती. मेल्की परवानगी मागायला गेला तेव्हा तिनंच विडा पुढे केला. "जाऊ दे पोरीला. पण मी मेले तर ती माझ्याशी बसेल, एवढा शब्द दे." मेल्कीनं आनंदानं विडा घेतला आणि तिथंच चावला. आमच्यात विडा खाल्ला म्हणजे शब्द दिला. म्हातारी ठणठणीत होती, अजून दहा वर्षं हलत नाही असा त्याचा अंदाज. घोड्याचं वय दातांवरून अचूक सांगणारा माणूस म्हातारीच्या बाबतीत साफ चुकला. जहाजाला अकरा दिवस असताना ती झोपेत गेली.

मी करेरीला कानात सांगितलं, "पळ. मी पोचवते तुला बंदरापर्यंत."

"मामांनी विडा खाल्लाय, बाई," ती म्हणाली. तेवढंच.

म्हातारीचा मुलगा, उंबू रेतांग, म्हणजे रेतांग नावाच्या दासाचा मालक, त्यानंही जमेल तेवढं केलं. म्हशी कापल्याशिवाय मालकिणीला पुरता येत नाही. एरवी त्या गोळा होईपर्यंत दोन-तीन वर्षं प्रेत घरात राहतं. पण त्यानं सोयऱ्यांना निरोप धाडला, पाच म्हशी तातडीनं आणा. "गुरुवारी म्हशी आल्या की शुक्रवारी पुरू," तो पोरीला म्हणाला. "शनिवारी तू मोकळी."

गुरुवारी दुपारी म्हशी ओढ्यापलीकडे आल्या. पलीकडच्या खोऱ्यात घटसर्पाची साथ होती, गळे सुजून गुरं मरत होती, म्हणून मेल्कीनं तपासल्याशिवाय जनावर ओढा ओलांडत नव्हतं. मी वर बायकांत, प्रेताजवळ बसले होते. मेल्कीला खाली फार वेळ लागला. मग तो वर आला आणि करेरीपुढं उकिडवा बसला.

"चार चांगल्या आहेत," तो पुटपुटला. "एक जरा... प्रवासानं दमली असेल."

"ताप?"

"आहे थोडा."

"गळा?"

मेल्कीनं नजर प्रेताकडं वळवली.

"मामा, गळा?"

"हाताला गरम लागतोय. कुणाला दिसलं नाही अजून. करेरी, उद्या कापूनच टाकायच्या आहेत ना त्या? एका रात्रीचा प्रश्न आहे. मी काही पाहिलं नाही."

"एका रात्रीत आपल्या ओढ्याचं पाणी पितील. आणि मग मांसाचे वाटे घरोघर जातील."

"बारा पोरं झाली, पोरी. माझ्यानं आता तेरावं होणार नाही."

करेरीनं त्याचा हात हातात घेतला. तिचे डोळे भरले होते, पण आवाज हलला नाही. "तुम्हीच शिकवलंत. आधी गळ्याला हात लावायचा, मालकाचं तोंड मग बघायचं. पाचही परत पाठवा."

मेल्की उतरला. ओढ्याकाठी उंबू रेतांग तापला होता, आवाज वरपर्यंत येत होता. "म्हशी आजारी आहेत म्हणून कोण म्हणतं?"

"डॉक्टर."

"कुठला डॉक्टर? ह्या खोऱ्यात डॉक्टर आहे का कुणी?"

मेल्कीनं वर घराकडं पाहिलं. "नाही," तो म्हणाला आणि ओढ्याच्या काठावर खाली बसला.

ती म्हैस परतीच्या वाटेवर मेली, तिच्यामागं दुसरी. मग कुणी मेल्कीला बोल लावला नाही, पण खोरं गुरांना बंद झालं ते महिनोन्महिने; म्हशी नाहीत, तर पुरणंही नाही. शनिवारचं जहाज गेलं. करेरी अजून प्रेताशी बसली आहे.

यंदाही शाळा उघडल्यावर मेल्की आला. जबडा टेबलावर ठेवला, दात शिकवले. नेहमीचा प्रश्न काही त्याच्या तोंडून निघेना. पोरांना प्रश्न पाठ, ती हसायला लागली. तिसऱ्या ओळीतल्या एका पोरीनं न विचारताच हात वर केला.

मेल्की तिच्याकडं बघत राहिला. "तुझ्या नावाची कुणी मालकीण आहे का गं?"

पोरीनं हात हळूहळू खाली घेतला.