ग्लासाचा वास

लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसासाठी हॉटेल ठरवायचं, म्हणून आम्ही दोघं आधी ते नुसतं बघायला गेलो. आत इतका मंद उजेड होता, की यांना नेमकं काय लपवायचंय, असंच मला वाटत राहिलं. वेटरने अदबीने पाणी आणलं. बायकोने ग्लास नाकाशी नेला आणि तसाच खाली ठेवला.

"अंड्याचा वास येतोय. दुसरीकडे बघू," ती म्हणाली.

लग्न ठरण्याआधी ती वडिलांबरोबर आमचं घर बघायला आली होती. पाणी मीच दिलं होतं. तेव्हाही तिने ग्लास आधी असाच नाकाशी नेला होता, मग घोटभर प्यायली होती. उरलेलं पाणी तसंच का ठेवलं, हे विचारायचं मी अजून टाळतोय.