सूर्याकडून परत मागितलेला दात

पोर्ट सैदच्या अल-अरब मोहल्ल्यात चिंचेचं सरबत प्यावं तर अवातिफचंच, असं लोक म्हणायचे, आणि अवातिफलाही ते मनापासून पटलेलं होतं. नवरा गेल्यावर तिने मैदानाच्या कडेला चटयांचा मांडव घालून गाडी लावली आणि त्या चिंचेवर पोरगी वाढवली. त्यामुळे दातांच्या डॉक्टर मगदांनी त्या पोरीचं, रिहामचं तोंड तपासून, दिवसभर आंबट घोट घोट पिऊन दातांवरचा थर झिजलाय असं सांगितलं, तेव्हा ते अवातिफला चांगलंच झोंबलं. माझी चिंच दात खाते? अख्खा मोहल्ला पितो, त्यांचे कुणाचे गळून पडले?

मगदाबाईही चिवट. रिहाम हँडबॉलची गोलरक्षक, म्हणून त्यांनी जबड्याचा ठसा घेऊन खेळताना दातांवर चढवायचं रबरी कवच बनवून दिलं. वर बजावलं की आंबट प्यायचंच तर जेवणाबरोबर, एका दमात, मागून पाण्याची चूळ, आणि लगेच ब्रश फिरवायचा नाही. कवच घातलेलं असताना तर थेंबही नको, आंबट आत कोंडून दातांना चिकटून बसतं. रिहामने ऐकलं. आईने ऐकल्यासारखं केलं.

क्लबच्या मोठ्या सामन्यात मध्यंतर संपत आलं होतं. तेवढ्यात भर गिऱ्हाइकांसमोर अवातिफने पोरीपुढे पेला धरला. चार लोकांत आईचं सरबत नाकारायचं म्हणजे तिचं नाकच कापायचं. रिहामने कवच काढून बाकावर ठेवलं, घोट घेतला, शिट्टी वाजली आणि ती तशीच गोलात पळाली. पुढचाच चेंडू अडवताना तिचं तोंड खांबावर आपटलं.

अवातिफ धावली. रक्ताने माखलेली पोरगी आणि पायाशी पडलेला समोरचा दात तिला दिसला. घाबरलेल्या माणसाचे हात जुन्याच सवयीने चालतात. रिहामचे दुधाचे दात पडायचे तेव्हा ती जे करायची तेच तिने आत्ता केलं. दात उचलला, म्हशीचा दात घे आणि नवरीचा दात दे असं सूर्याला विनवलं आणि भिरकावून दिला. जमलेल्या बायका आमीनसुद्धा म्हणाल्या.

प्रशिक्षक सब्री कानाला फोन लावून आले. "रिहामच्या आई, दात कुठाय? डॉक्टर विचारतायत."

"सूर्याला दिला."

"मग परत माग. तो पुन्हा बसवता येतो, पण आत्ताच्या आत्ता."

पोरगी सोळा वर्षांची झाली होती. या वयात सूर्य तरी कुठून नवा दात आणणार? मग मात्र तिने झग्याचा घोळ कमरेला खोचला. सूर्य तिच्याच मांडवामागे उतरला होता, म्हणजे दातही तिकडेच गेला असणार. बर्फाच्या पेटीवर चढून तिने छतावरच्या चटया चाचपल्या. खालून सब्री फोनवरचं ओरडून सांगत होते, मुळाला हात लावू नका, घासू नका, वरचं पांढरं टोक धरा. दोन चटयांच्या सांध्यात तो सापडला. तिने आयुष्यात पहिल्यांदाच असा दात पाहिला. ओठांआड दिसतो त्याहून कितीतरी लांब, निमुळता, जितका बाहेर त्याहून जास्त आत. एवढं सगळं या पोरीच्या हिरडीत लपलेलं होतं आणि आपल्याला पत्ताच नव्हता, या विचाराने ती वर थबकलीच. दात जिवंत राहावा म्हणून चहावाल्या हमदीने पेलाभर थंड दूध दिलं आणि त्या पेल्यातून दात दवाखान्यात गेला.

मगदाबाईंनी तो जागेवर बसवला, शेजारच्या दातांना तारेने बांधला, पुढे आतली मेलेली नसही काढली. धरेल की नाही, हे त्याही सांगेनात. अवातिफ रोज नमाजानंतर त्या दातासाठी वेगळी दुआ मागायची, आणि गाडीवर चिंचेच्या प्रत्येक पेल्याशेजारी पाण्याचा पेला ठेवायची. काही महिन्यांनी बाईंनी तिला जवळ बोलावलं आणि बोट लावून बघ म्हणाल्या. तिने भीत भीत दाबलं. दात ढिम्म हलला नाही. सूर्याकडे भिरकावलेला, चटईत अडकलेला, दुधातून आलेला तो दात पोरीच्या हाडाने घट्ट धरला होता.

"सुभानअल्लाह," ती म्हणाली आणि तिथल्याच स्टुलावर बसून रडली.

पुढे शेजारची छोटी मरवा पडलेला दात मुठीत घेऊन आली. अवातिफखाला फेकते तेव्हाच सूर्य ऐकतो, असं सगळ्या गल्लीचं मत. अवातिफने दात तळहातावर उलटासुलटा केला. लांब मूळ नाही ना, हे दोनदा पाहिलं. मरवाला तोंड उघडायला लावून हिरडीत नवं पांढरं टोक डोकावतंय का तेही बघितलं. मगच हात वर केला.

"हा मात्र तुझाच," ती सूर्याला म्हणाली. "हा खुशाल ठेव."