वाणात गेलेला छातीचा फोटो

तुम्ही कधी कुणाला दिलेलं वाण परत मागायला गेलाय का? नाही ना? मग तुम्ही शहाण्या. मी गेले. आणि एकीचं नाही, चांगल्या वीस जणींचं मागायला निघाले.

घ्या, चहा घ्या, मी सांगते. पण ऐकून झाल्यावर मला वेडी म्हणायचं नाही. ते काम घरात आधीच झालेलं आहे.

आमचे हे वाशिंदच्या कारखान्यात कामाला. वर्षातून एकदा तिथे सगळ्यांची तपासणी होते. यंदा छातीचा फोटो काढला, म्हणजे एक्स-रे हो, आणि त्यात उजव्या बाजूला वर एक डाग दिसला. तुरीच्या दाण्याएवढा. शनिवारी आम्ही शहापूरच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी फोटो उजेडाच्या पेटीवर लावला, चष्मा वर केला, खाली केला. मी खुर्चीच्या टोकावर आले. हे मात्र भिंतीवरचं कॅलेंडर वाचत बसलेले.

डॉक्टर म्हणाले, "आधी कधी छातीचा फोटो काढला होता का?"

काढला होता. सहा वर्षांपूर्वी न्यूमोनिया झाला होता तेव्हा.

"तो घेऊन या सोमवारी. डाग तेव्हाही एवढाच असेल तर तो जुन्या आजाराचा व्रण, घाबरायचं कारण नाही. तेव्हा नसेल, तर मात्र कल्याणला जाऊन सीटी स्कॅन करावं लागेल. कदाचित सुईने तुकडाही काढावा लागेल."

मी लगेच म्हटलं, "आहे ना डॉक्टर, गादीखाली नीट ठेवलाय."

यांनी माझ्याकडे कौतुकाने पाहिलं. म्हणाले, "ही बाकी सगळा जपून ठेवते."

स्कूटरवर मागे बसले आणि आसनगावच्या फाट्यापर्यंत येते न येते तोच आठवलं. फोटो गादीखाली होता, संक्रांतीपर्यंत.

तुम्हाला माहीत आहे, आपल्याकडे एक्स-रे कुणी टाकत नाही. त्याचे रांगोळीचे छापे किती छान होतात! जाड, पाण्याला न भिणारे, वर्षानुवर्षं टिकणारे. यंदाच्या हळदीकुंकवाला सगळ्यांसारख्या प्लास्टिकच्या वाट्या द्यायच्या नाहीत, काहीतरी हाताने केलेलं द्यायचं, असं माझ्या मनाने घेतलं. घरातले पाच जुने फोटो काढले. सासऱ्यांचा खुबा, माझे दोन गुडघे, मुलीचा मोडलेला हात आणि यांची छाती. प्रत्येकाचे चार तुकडे केले. ब्लेडने आणि तापवलेल्या सुईने कुणावर कमळ काढलं, कुणावर कोयरी, कुणावर गोपद्मं. वीस बायकांना वीस वाणं. सगळ्यांनी वाहवा केली. मी आठवडाभर हवेत होते.

म्हणजे नवऱ्याची छाती मी चार घरी वाटली होती, आणि कोणत्या चार ते आठवत नव्हतं.

यांना सांगायची छाती मला झाली नाही. त्यातून यांनी बजावलेलं, नक्की कळेपर्यंत गावात कुणाला बोलायचं नाही. मग रविवारी हे बाजारात गेल्याबरोबर मी पदर खोचला आणि निघाले.

पहिलं घर रखमाकाकीचं. म्हटलं, काकी, तो छापा जरा परत हवा होता. काकींनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी कपाळाचं कुंकू परत मागितलं.

"नंदे, वाण कुनी परत मागतात काय गो? काय झाला?"

"काही नाही काकी. काम होतं."

"कसला काम?"

आता काय सांगणार? मी म्हटलं, "तो छापा घरात ठेवणं बरं नाही."

झालं. माझं तोंड आणि माझं नशीब! मी तिसऱ्या घरी पोहोचायच्या आत गावात बातमी फिरली, की नंदाने वाणात दिलेल्या फोटोंतून रोग येतो. एकीने तर तीन महिने रोज दारात उमटवलेली कोयरी सांडशीत धरून आणून दिली. दुसरीने मला विचारलं की तिच्या सुनेला परवापासून शिंका येतायत, त्या यानेच का? ज्या घरी मी गेलेच नव्हते त्या बायकाही आपापले छापे घेऊन आमच्या ओट्यावर आल्या. एका परीने बरंच झालं म्हणा, माझी पायपीट वाचली.

मग सुरू झाली पाहणी. एकेक तुकडा उन्हात धरायचा आणि आत काय ते बघायचं. काही दिसेना तेव्हा बायकाच मदतीला आल्या. डोक्यावर पदर आणि हातात हाडं, अशा दहाबारा जणी ओट्यावर ओळीने सूर्याकडे बघत उभ्या. "हा गुडघा हाय." "नाय गो, खुबा तो." "ही बोटा बघ किती बारीक!" बरगड्यांचे तुकडे मिळाले तीन, एक रखमाकाकींचा आणि दोन आणखी दोघींचे. चौथा कुठेच नाही. आणि नेमका तोच, उजवीकडचा वरचा. डागाचा.

तेवढ्यात हे बाजारातून आले. हातात वांग्यांची पिशवी. ओट्यावरची रांग बघून पायरीवरच थांबले.

"काय गो, दवाखाना उघडलास काय?"

मला हसायला यायला हवं होतं. रडू आलं. रडतारडता सगळं सांगितलं, सगळ्यांच्या देखत. डाग, डॉक्टर, कल्याण, सुई. ज्या बाईने सांडशी आणली होती तिने ती हळूच पदराखाली घेतली.

हे खाली बसले. पिशवी बाजूला ठेवली. ते तीन तुकडे फरशीवर जुळवले आणि रिकाम्या जागेवर हात ठेवून म्हणाले, "यावर काय काढलं होतंस?"

"लक्ष्मीची पावलं."

"मग ती आक्काकडे हायत. तिनेच मागून घेतली होती."

आक्का म्हणजे माझ्या मोठ्या वन्सं, मुरबाडला असतात. भावात जीव अडकलेला. त्यांना घाबरवायचं नाही म्हणून मी फोनवर एवढंच म्हटलं, की पावलांचा छापा परत हवा आहे. त्यांनी धाडकन फोन ठेवला. दुपारच्या एसटीने किन्हवलीमार्गे स्वतः आल्या, चपला न काढता ओट्यावर उभ्या राहिल्या आणि छापा माझ्यापुढे टाकला.

"घे तुझा वाण. माहेराशी संबंध तोडायचा होता तर तोंडावर सांगायचा होता."

यांनी त्यांना हाताला धरून आत नेलं आणि खरं काय ते सांगितलं. वन्सं ज्या रडायला लागल्या त्या थांबेनात. शेवटी हे म्हणाले, "आक्का, मी अजून हाय. आधी चहा पी." तेव्हा मला दिसलं, हे आपल्या चहात तिसऱ्यांदा साखर घालत होते. कॅलेंडर वाचणारा माणूस तो.

सोमवारी चिकटपट्टीने जोडलेली ती छाती डॉक्टरांनी पेटीवर लावली. आरपार उजेड आला. खाली कमळ, बाजूला कोयरी, गोपद्मं आणि वर दोन पावलं. डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला.

"हे कापलं कुणी?"

"आमच्या मंडळींनी," हे म्हणाले.

डॉक्टर पुढे वाकले. नव्या फोटोकडे पाहिलं, मग जुन्याकडे. दोन पावलांच्या मधोमध बोट ठेवलं. "हा बघा डाग. तेव्हाही होता आणि एवढाच होता. जुना व्रण आहे. सहा महिन्यांनी अजून एक फोटो काढू, बस." मग माझ्याकडे वळले. "बाई, ब्लेड सूतभर सरकलं असतं तर यांना आज कल्याणला पाठवलं असतं."

मी मान खाली घातली. बाहेर येऊन दोघांनी उसाचा रस प्यायला. यांनी माझ्या ग्लासात आपला थोडा ओतला. घरी येऊन तो फोटो कपाटात ठेवला आणि कुलूप लावून चावी आपल्या खिशात टाकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी, हे चावी घेऊन कामावर गेल्यावर, रखमाकाकी आणि बरगड्यांचे तुकडे दिलेल्या त्या दोघी जणी आपापलं वाण परत न्यायला दारात येऊन उभ्या राहिल्या.