सगळ्यांच्या मागे चालणारी आपा

आपाबद्दल लिहायचं मी कितीतरी वर्षं टाळलं. कुणी विषय काढलाच, तर मी तिच्या गमती सांगायचो, लोक हसायचे, आणि गोष्ट माझ्याजवळ यायला लागली की मी चहा मागवायचो. आता डॉक्टरही माझ्याशी बोलताना माझ्या मुलाकडे बघून बोलतात. तेव्हा जे घडलं ते घडलं तसं लिहून टाकतो.

आपा नेहमी सगळ्यांच्या मागे चालायची. ओमानमधल्या निझवा शहराबाहेरच्या आमच्या कॉलेजात मुलींच्या होस्टेलची ती पुढारी. मुलींचा घोळका बसमधून उतरून होस्टेलकडे निघाला, की पुढारी पुढे असणार अशी माझी समजूत. ही मात्र शेवटी, ओढणी सावरत, जिच्या चपलेचा अंगठा तुटलाय तिच्या बरोबरीने. मी एकदा विचारलं, "काय गं, तू लीडर ना? मग शेपटीला कशाला?"

"पुढून मागं कोण राहिलीय ते दिसत नाही ना, काका," ती म्हणाली.

मी त्या कॉलेजात मेंटेनन्सचा इंजिनीअर होतो. दिवे, पाणी, एसी, गेट, सगळं माझ्याकडे. मी मूळचा नागपूरचा. ती श्रीवर्धनकडच्या कोकणी मुसलमान घरातली, पण वाढलेली ओमानातल्याच इब्री गावात. तिच्या वडिलांचं तिथल्या बाजारात कापडाचं दुकान होतं. फार्मसी शिकायला होस्टेलवर आली. घरी ती थोरली, म्हणून भावंडं आपा म्हणायची. तेच नाव होस्टेलवर पोचलं आणि केरळच्या, पंजाबच्या, पुण्याच्या मुलीही तिला आपा म्हणू लागल्या. मी तिच्या बापाच्या वयाचा, पण मीही आपाच म्हणायचो. माझ्या तोंडून कधी 'काय बे' निघालं, की ती हात जोडायची. "काका, मला बे नका म्हणू. अब्बांनी ऐकलं तर म्हणतील, फी भरून हेच शिकवलं का?"

तिच्या आधी त्या होस्टेलात नव्या मुलींना छळायची पद्धत होती. कपाट उलटं करायचं, जेवणाच्या हॉलमध्ये नाचायला लावायचं. आपाने ते बंद पाडलं आणि त्याजागी स्वतःची पद्धत आणली. प्रत्येक नव्या मुलीला एक जुनी मुलगी 'मोठी' म्हणून मिळायची. मोठीने पहिल्याच दिवशी आपल्या धाकटीला सगळं आवार पायी फिरवायचं. कुठल्या पहारेकऱ्याला काय नावाने हाक मारायची, कुठल्या दाराची कडी अडकते, सूर्य मावळल्यावर कुठल्या वाटेने एकटीने जायचं नाही, हे दाखवायचं. या सगळ्या मुली स्वतःला सिस्टर्स म्हणवायच्या. कॉलेजच्या कुठल्याही कागदावर त्यांची नोंद नव्हती, पण होस्टेल त्यांच्यावरच चालायचं.

बाहेर निघालेल्या प्रत्येकीला आपाचा एकच प्रश्न असायचा, "सोबत कोण?" वॉर्डन मॅडम एकदा सुकात, म्हणजे बाजारात, खजूर आणायला निघाल्या, तर हिने त्यांनाही तसंच थांबवलं. मॅडम रागावल्या. मग जरा वेळाने परत आल्या आणि म्हणाल्या, "चल, तूच चल."

एका शुक्रवारी होस्टेलच्या गच्चीवरून किंचाळ्या ऐकू आल्या. मी आणि दोन पहारेकरी जिने चढून धापा टाकत वर गेलो. बघतो तर मुली रांगेत उभ्या, आणि आपा प्रत्येकीकडून ओरडून घेतेय. मी तिच्यावर चिडलो. ती शांतपणे म्हणाली, "काका, यांना ओरडता येत नाही. घरी सगळ्यांनी हळू बोल, हळू बोल एवढंच शिकवलंय. वेळ आली तर आवाज कुठून काढतील?" मग वळून, "मीनल, तुझा नंबर. काका आलेत म्हणून लाजू नको."

मीनल ही आपाची धाकटी. मस्कतमध्ये वाढलेली, मराठी अडखळत बोलणारी, आपाच्या सावलीसारखी. तिच्या तोंडून मांजरासारखा आवाज निघाला. आपाच सगळ्यांत जास्त हसली, आणि नंतर तिला जवळ घेऊन म्हणाली, "यल्ला, चल, परत."

हॉस्पिटलच्या ट्रेनिंगवरून मुलींना आणणारी शेवटची बस मुख्य गेटवर थांबायची. तिथून होस्टेलपर्यंतची वाट वादीच्या, म्हणजे कोरड्या नदीपात्राच्या, कडेने जात होती. त्या वाटेवरचे दिवे बंद होते. दुरुस्तीची मागणी माझ्या टेबलावर पडून होती. आज करू, उद्या करू, असं मी चालवलं होतं. त्या हिवाळ्यात एक पांढरी गाडी संध्याकाळी त्या वाटेवर यायला लागली. दिवे न लावता मुलींच्या मागून हळूहळू चालायची. एकदा दार उघडलं आणि कुणीतरी मीनलची बॅग ओढली. मागे आपा होती. ती इतक्या जोरात ओरडली, की गेटवरचा पहारेकरी धावत आला. गाडी पळाली.

दुसऱ्या दिवशी आपा आणि मीनल माझ्या ऑफिसात आल्या. आपाने मागच्या बाजूला वाटेचा नकाशा काढलेला एक कागद आणला होता. दिवे कुठे हवेत, पहारेकऱ्याची चौकी कुठे हलवायची, बस होस्टेलच्या दारापर्यंत कशी वळवता येईल, सगळं त्यात होतं. डीनसाहेबांनी त्यांना पुढच्या दिवशी भेटायला बोलावलं होतं.

"काका, तुम्ही तिथे एवढंच सांगा की दिवे खरंच बंद आहेत. आम्ही मुली बोललो तर म्हणतील, घाबरट आहेत."

"मी आहे ना," मी म्हणालो.

"आणि एक. हे घरी कळता कामा नये. अब्बांना कळलं तर ते मला घेऊन जातील. मला इथे पाठवायला अम्मीने वर्षभर भांडण केलंय."

मी होकारार्थी मान हलवली.

आणि त्याच संध्याकाळी तिच्या वडिलांना फोन केला.

का केला, हे मी स्वतःलाच अनेक प्रकारे समजावलं आहे. इब्रीला गेलो की मी त्यांच्या दुकानात बसायचो, मराठीत पोटभर बोलायचो. मुलीला पोचवायला आले तेव्हा ते मला म्हणाले होते, "भाऊ, पोर तुमच्या भरवशावर ठेवून चाललोय." परक्या देशात आपल्या माणसाने आपल्या माणसाला एवढं तर सांगायलाच हवं, असं मला वाटलं. मुलीने काय मागितलं होतं यापेक्षा बापाने काय सोपवलं होतं ते मला मोठं वाटलं. आमच्याकडे बहुतेकांना तसंच वाटलं असतं. पण तेवढंच नव्हतं. ती उद्या डीनसमोर बोलली असती, तर दिवे का बंद होते हा प्रश्न माझ्याकडे आला असता. फोन उचलताना ते माझ्या मनात होतं. आज ते नाकारत नाही.

तिकडून वडील एवढंच म्हणाले, "बरं केलंत. तुमचं नाव मी कुणाकडे काढणार नाही." त्यांनी तो शब्द मरेपर्यंत पाळला.

सकाळी ते पिकअप घेऊन आले. डीनची भेट व्हायच्या आत आपाचं सामान खाली आलं होतं. तिने हुज्जत घातली, विनवण्या केल्या. वडील मान खाली घालून उभे, "खलास, बेटा, खलास," एवढंच म्हणत. मग ती थांबली आणि आमच्याकडे वळली. तिच्यामागे मीनल आणि मी, एवढेच उभे होतो.

"अब्बांना कुणी सांगितलं?"

मीनल रडायला लागली. तिची मोठी चालली होती म्हणून ती रडत होती. आपाला ती कबुली वाटली.

"तुझ्यासाठी ओरडले मी," आपा तिला म्हणाली, "आणि तुला साधं गप्प बसता आलं नाही?"

मीनल हुंदक्यांत इंग्रजीत काहीतरी सांगू लागली. आपाने ऐकलं नाही. मी तिथेच हातभर अंतरावर उभा होतो. एक वाक्य बोलायचं होतं. गच्चीवर तिने त्या पोरींना जे शिकवलं, ते त्या क्षणी मला जमलं नाही. उलट मी मीनलच्या खांद्यावर हात ठेवला, जणू तिला माफ करत होतो.

डीनकडे मग मीच गेलो. आपाचा नकाशा मी मांडला, आणि तो कुणाचा हे सांगितलं नाही. दिवे लागले, चौकी हलली, बस दारापर्यंत जायला लागली. गाडी पुन्हा दिसली नाही. मी निवृत्त झालो तेव्हा मुलींच्या सुरक्षिततेसाठी मी किती केलं यावर भाषणं झाली, खांद्यावर शाल पडली. मस्कतला आमच्या चौदा एप्रिलच्या जयंतीच्या कार्यक्रमात मी दर वर्षी मुलींच्या शिक्षणावर बोलायचो. त्या सकाळनंतरही बोललो. टाळ्याही घेतल्या. मीनलने ते वर्ष कसंबसं काढलं आणि कॉलेज बदललं. सिस्टर्स मात्र टिकल्या. आजही त्या होस्टेलात जी मुलगी पुढारी होते, ती कुठल्याही गावची असो, तिला आपा म्हणतात. का म्हणतात ते त्यांना माहीत नाही.

गेल्या हिवाळ्यात ती मला भेटली. मस्कतच्या हमरिया भागातल्या एका लहानशा दवाखान्यात, काउंटरमागे. फार्मसी पुरी झाली नाही. लग्न झालं, मुलं झाली, आता ती तिथे नावं लिहून घेते. मी ब्लडप्रेशरची गोळी बदलून घ्यायला गेलो होतो. तिने मान वर केली, ओळखलं, आणि पहिलाच प्रश्न, "काय ओ काका, सोबत कोण?"

"कुणी नाही. मुलगा ऑफिसात आहे."

"कमाल आहे तुमची," म्हणत ती काउंटरमागून बाहेर आली. रस्त्यावर गाड्यांची गर्दी होती. तिने मला टॅक्सीपर्यंत आणलं. हात धरला नाही. एक पाऊल मागे राहून चालत होती. टॅक्सीचं दार उघडून ती जरा घुटमळली.

"काका, मीनल कुठे असते हो? मी तिला फार लागेल असं बोलले होते. कधीकधी वाटतं, तिने नसेलच सांगितलं. तुम्ही तिथेच होतात. तुम्हाला काय वाटतं?"

एवढा सरळ प्रश्न मला आयुष्यात कुणी विचारला नव्हता. मी म्हणालो, "आता काय आठवणार, बाळा. फार जुनी गोष्ट." ती हसली, म्हणाली, "तेही खरंच," आणि दार लावलं.

त्या दवाखान्यावरून मी नंतर दोनदा गेलो. आत गेलो नाही. मीनलचा पत्ता माझ्याकडे आहे, तिलाही कळवलं नाही. टॅक्सीत बसल्यापासून जे मनात म्हणतोय, ते असं आहे.

आपा, अब्बांना फोन मी केला होता. मीनल एका शब्दाने बोलली नव्हती. दिवे माझ्यामुळे बंद होते आणि तुझ्यामुळे लागले. त्या सकाळी तू विचारलंस तेव्हाही मी गप्प बसलो, आणि टॅक्सीपाशीही गप्प बसलो. मला माफ कर. आणि तिला शोध, मी पत्ता देतो.